लाल शाईतलं माझं नाव

मी ॲक्टिन बोलतोय. यीस्टच्या पेशीतला एक जीन, म्हणजे जनुक. पाव फुगवणारं, दारू आंबवणारं तेच हे यीस्ट. माझ्या निरोपावर त्याच्या पेशीचा सांगाडा उभा राहतो आणि हे काम मी इमानानं करत आलो. मोजपट्टी व्हायची हौस मला कधीच नव्हती.

अमरावतीच्या एका प्रयोगशाळेत मला मोजपट्टी केलं. दुसरा जीन किती कामाला लागला, हे माझ्याशी ताडून ठरवायचं. कारण मी म्हणे कधी बदलतच नाही. कुणी तपासलं? कुणीच नाही. प्रयोगशाळेचे प्रमुख भगवंत सर, त्यांच्या जुन्या रजिस्टरात माझं नाव लाल शाईत होतं आणि प्रत्येक विद्यार्थी ते निमूट उतरवून घेई.

२००९ साली अकोल्याची नगमा पीएच.डी.साठी आली. पावसात काळी पडलेली ज्वारी मातीमोल भावानं जायची. तिच्यापासून अल्कोहोल करणारं, वऱ्हाडचं ऊन सोसणारं यीस्ट नगमाला हवं होतं. तिनं सुरुवातीलाच विचारलं, "सर, आणखी चार-पाच जीन तपासून घेऊ का? गर्मीत हा टिकते का नाई, काय भरवसा?"

"काहून? आपल्या लॅबमंदी पयलेपासून हाच चालते. तुले लय समजते का?"

यीस्ट बेचाळीस अंशांवर ठेवलं. माझा जीव कासावीस झाला, माझे निरोप निम्म्यावर आले. त्यामुळे तिचा ऊन सोसणारा जीन कागदावर दुप्पट कामाला लागलेला दिसू लागला. तो बिचारा होता तिथंच होता! सरांनी पेढे वाटले. मी ओरडून सांगणार तरी कसा?

तीन वर्षांनी तोंडी परीक्षेला बाहेरच्या विद्यापीठातल्या परीक्षक बाई आल्या. त्यांनी विचारलं, "हा ॲक्टिन उष्णतेत स्थिर राहतो, हे पाहिलं होतंत का?"

सर चटकन म्हणाले, "मी सांगितलं होतं तपासायला. हिनंच ऐकलं नाही."

"सर, असं नोका बोलू," एवढंच नगमाच्या तोंडून निघालं. प्रबंध परत आला. माझा संताप संताप झाला. आंधळा विश्वास त्यांचा आणि दगाबाज ठरलो आम्ही दोघं!

तिनं सहा जीन उन्हाळी तापमानात पुन्हा मोजले. स्थिर राहण्यात मी शेवटचा आलो. दुपटीची वाढ पुसली गेली, आणखी दीड वर्ष गेलं. माझ्या नावापुढे तिनं लिहिलं, "तीस अंशांवर चालतो, बेचाळीसवर नाही." माझ्याबद्दल खरं असं कुणी पहिल्यांदाच लिहिलं होतं. तो कागद तिनं रजिस्टरात चिकटवला.

ती पदवी घेऊन अकोल्याला गेली आणि सरांनी तो कागद फाडला.

आता मी फ्रीजरमधल्या एका नळीत गोठून पडलोय. उद्या कुणी नवा येईल आणि लाल शाईतलं नाव उतरवून घेईल. बाबा रे, आधी मला एकदा तापवून बघ. नाहीतर तुझ्या वाट्यालाही तेच वाक्य येईल: "मी सांगितलं होतं तपासायला."