जवळपास तोच लाल

सासूबाईंनी डावा हात दुकानाच्या काचेवर पालथा ठेवला आणि बोटं फाकवली. शेजारी रुमाल उलगडून त्यातला कापसाचा बोळा मांडला. बोळ्यावर लाल डाग होता, आणि उजेडात धरला की त्यात बारीक चमकी दिसायची.

"अगदी असाच हवा," त्या म्हणाल्या.

दुकानदारीण त्यांच्याच वयाची होती. गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवून तिने बोळा न्याहाळला. वासावरूनच तिला कळलं, की हा नखांवरून पुसून काढलेला रंग आहे. पुसलेल्यावरून नेमकं काही सांगता येत नाही, असं ती म्हणाली. तरी खणातून चमकीच्या लाल बाटल्या काढून तिने ओळीने लावल्या. सासूबाईंना सगळ्या सारख्याच दिसल्या. लालाची एवढी मोठी भावकी असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

रस्त्यापलीकडच्या हॉस्पिटलात त्यांच्या सुनेच्या डोक्याचं ऑपरेशन चाललं होतं. गाठ साधी आहे, पण जागा अवघड, असं सर्जननी आधीच सांगितलं होतं. मेंदूतला बोलण्याचा भाग गाठीला अगदी लागून. बोलणं जाऊ शकतं, किंवा राहिलं तरी शब्द वेळेवर सापडणार नाहीत. सून बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायची. घरी आल्यावरही तिची टकळी थांबत नसे. भांडी लावताना, कपडे वाळत घालताना, टीव्हीतल्या माणसांशीसुद्धा ती बोलायची. सासूबाई त्यावरून कुरकुरत. गेल्या आठवड्यापासून मात्र त्या स्वयंपाकघरात उगाचच रेंगाळायला लागल्या होत्या, ती बोलत असली की.

सकाळी नर्स तिची नखं साफ करायला आली. ऑपरेशनच्या वेळी बोटाला चिमटा लावतात, रंग असला तर यंत्राला रक्तातला ऑक्सिजन नीट कळत नाही. इतक्या तपासण्यांत डोळ्यांतून टिपूस न काढलेली सून त्या वेळी रडली. सासूबाई म्हणाल्या, "नखंच आहेत गं, परत रंगवू." नर्सने बोळे ट्रेमध्ये टाकले, तेव्हा त्यांतला एक त्यांनी गुपचूप उचलला. पुढे दारं बंद झाली, बाहेर बाकावर बसवेना, म्हणून त्यांनी मुलाला विचारलं, ती कुठला रंग लावते?

"लाल," तो म्हणाला. "चकचकीत." इतकी वर्षं संसार करून त्याला एवढंच सांगता आलं.

बाटलीत एक दिसतं नि नखावर दुसरंच, म्हणून बोटांना लावून बघा, असं दुकानदारणीने सुचवलं. सासूबाईंनी जन्मात कधी नखं रंगवली नव्हती. आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही ना, हे बघून त्यांनी हात पुढे केला. अंगठ्यावर आला तो गडद, डाळिंबाच्या दाण्यासारखा. तर्जनीवरचा केशरीकडे झुकणारा. मधल्या बोटावरच्या लालात सोनेरी चमकी होती, अनामिकेवरच्यात चंदेरी. करंगळीवरचा लाल म्हणायचा म्हणून लाल, खरं तर गुलाबीच. आता फरक दिसायला लागला. चंदेरीवाला बोळ्याशी जुळतोय की काय, म्हणून त्या वाकून बघतायत, तोच मुलाचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं.

ओल्या नखांचा हात पुढे धरून त्यांनी रस्ता ओलांडला. एका रिक्षावाल्याला वाटलं, त्या त्याला थांबवतायत. तो थांबलाही.

गाठ पूर्ण निघाली, सर्जन म्हणाले. बाकीचं ती शुद्धीवर आल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. दुपार तशीच गेली. संध्याकाळी एकेकाला आत सोडलं. आधी मुलगा गेला आणि लवकरच परत आला.

"ओळखलं मला. हात दाबला," तो म्हणाला. "पण बोलली नाही. नर्सने नाव विचारलं, तर नुसती बघत राहिली."

मग तो पाण्याच्या कूलरजवळ बसला आणि आपल्या बुटांकडे बघत राहिला.

सासूबाई आत गेल्या. तिला बोलायचा आग्रह करू नका, असं नर्सने बजावलं. सुनेच्या डोक्याला पट्टी होती, चेहरा सुजलेला. त्या पलंगाचा कठडा धरून उभ्या राहिल्या. सुनेने डोळे उघडले, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तिची नजर हळूहळू खाली आली आणि कठड्यावरच्या हातावर थांबली.

तेव्हा कुठे सासूबाईंना आपल्या नखांची आठवण झाली. त्या हात मागे घ्यायला गेल्या, पण सुनेने त्यांची तर्जनी पकडली होती.

तिचे ओठ हलले. "के..." म्हणून ती थांबली. कपाळाला आठी पडली. तिला काय म्हणायचंय ते सासूबाईंना कळलं होतं, शब्द त्यांच्या जिभेवर आला होता. त्यांनी खालचा ओठ दातांत धरला आणि वाट पाहिली.

"केशरी," सून म्हणाली. आवाज घोगरा होता, पण शब्द स्वच्छ होता.

मग तिने पुढचं बोट धरलं. "हा नको. सोनेरी." अनामिका तिने जरा जास्त वेळ धरून ठेवली. "हा... जवळपास."

"तोच नाही?"

"नाही हो, आई." तिच्या आवाजात थोडी कुरबूर होती, दुकानातून चुकीचं सामान आलं की असायची तशी. मग तिने त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. "हा तुम्हाला... शोभतो."

नर्स जवळ येऊन उभी राहिली होती. तिने चार्टवर काहीतरी लिहिलं आणि आता पेशंटला झोपू द्या, असं हसून सांगितलं.

सासूबाई बाहेर आल्या तसा मुलगा उठून उभा राहिला. त्याला विचारायचा धीर होत नव्हता.

"बोलली," त्या म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. मग त्यांनी हात त्याच्यासमोर धरला. "पाचांतला एकही बरोबर नाही म्हणाली."

मुलाने त्या नखांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग तो हसायला लागला. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो त्यांच्या शेजारी बसला. हसू थांबलं, तरी त्याचे खांदे हलतच राहिले. सासूबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. नखांवरचा रंग केव्हाच वाळला होता, तरी बोटं मात्र त्यांनी जपून, जराशी वर उचलून धरली होती.