गारफील्डचा दुहेरी आठ

१९७४ सालच्या फेब्रुवारीत माझा नवरा गारफील्ड ट्रेम्बाथ गेला. त्या वर्षात मला फारसं काही वाटलं नाही, हे आधीच सांगते, म्हणजे रडण्याची वाट पाहत कुणी बसणार नाही.

ब्यूट या आमच्या खाणींच्या डोंगराळ गावात तरुणपणी कागदी डॉलर कुणी खिशात ठेवत नसे. पगार चांदीच्या डॉलरांत, दुकानात मोड चांदीच्या डॉलरांत. माणसांच्या पँटचे खिसे फाटायचे आणि बायका ते शिवत बसायच्या. गारफील्ड खाणीत माणसांना वरखाली नेणारा पाळणा चालवायचा. संध्याकाळी घरी आला की मोड म्हणून मिळालेली नाणी टेबलावर पसरून एकेक उलटीपालटी करायचा. शिक्क्यावर तीच बाई, मागे तोच गरुड. मला सगळी सारखी दिसायची. त्याला नाही.

त्यातलं एक न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीचं, १८८४ सालचं. त्याच्या दुसऱ्या आठाला शेजारी आणखी एका आठाची कड होती. टांकसाळीत सालाचे आकडे ठशावर, म्हणजे नाणी छापायच्या साच्यावर, हातानं ठोकत, आणि एखाद्याचा हात चुकला की तोच आकडा जरा सरकवून पुन्हा ठोकत. मग त्या ठशातून निघालेल्या हजारो नाण्यांवर ती चूक उमटायची. अशा ठशांची यादी राज्याचं नाणेमंडळ, म्हणजे नाणी जमवणाऱ्यांचा संघ, छापत असे आणि नव्या ठशापुढे शोधणाऱ्याचं नाव असे. हा दुहेरी आठ यादीत नव्हता. गारफील्डनं तो बारा वर्षं जपला आणि शेवटच्या आठवड्यात, धाप लागत असताना, मला म्हणाला, "लव्ही, तो आठ मंडळाला पाठव. माझ्या नावानं." मी हो म्हटलं.

पाठवायचं म्हणजे अर्ज भरायचा होता. कोणता आकडा, कुठल्या बाजूला सरकलाय, किती, वर गोल आहे की सपाट. मी तो अर्ज चार महिने स्वयंपाकघरात ठेवला.

माझी नणंद थिर्झा शेजारीच राहायची. दर शनिवारी मांस-बटाट्याची पास्टी घेऊन यायची आणि मी ती खाईपर्यंत समोर उभी राहायची.

"पाठवलंस का गं ते?"

"अजून नाही."

"माझ्या भावाला पुरून चार महिने झाले! तो असता तर तुलाच तिकीट लावून पोस्टात टाकलं असतं. मी चर्चमध्ये सगळ्यांना सांगून बसलेय, नाव छापून येणार म्हणून."

"अर्जात काय लिहायचं ते मला कळत नाही, थिर्झा."

"मग ज्याला कळतं त्याच्याकडे जा की! ओब्राड आहे ना तो, घड्याळवाला. दिवसभर एका डोळ्यानं जग बघत असतो."

ओब्राड वुचिनिच आमच्या गावच्या सर्बांपैकी. नाणेमंडळाच्या गावातल्या शाखेत तो गारफील्डच्या शेजारी बसायचा. मी दुकानात शिरले तर त्यानं घड्याळातून मान वर केली.

"बसा, मिसेस ट्रेम्बाथ. आधी कोट काढा. ब्यूट थंड असलं तरी जून आहे."

मी खाली पाहिलं. अंगावर फेब्रुवारीतला काळा कोट होता.

मी डॉलर पुढे केला. त्यानं भिंग लावलं, दिवा नाण्याभोवती फिरवला आणि ते परत दिलं.

"छान चांदी आहे."

"अर्जात काय लिहू?"

"तुम्ही लिहिणार ना? मग तुम्हालाच दिसायला हवं. शिका."

त्यानं मला सिगारच्या डब्यातली शंभर साधी नाणी आणि एक जुनं भिंग दिलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी जाऊ लागले. पहिला महिना मला काहीच दिसलं नाही. ओब्राड रागावत नसे, पण टोमणे मारायचा.

"बाईच्या चेहऱ्याकडे काय बघताय? लग्न लावायचंय का तिचं? चेहरा सगळ्यांना दिसतो. साल बघा. नाणं फिरवू नका, दिवा फिरवा."

मी दिवा फिरवला. हळूहळू दिसू लागलं. एकाचं साल किंचित उंच, एकाचं तिरकं. एका ठशाला गेलेला तडा, गरुडाच्या पंखावर केसाएवढा. त्याच ठशाचं दुसरं नाणं डब्यात सापडलं तेव्हा तडा आणखी लांब झाला होता. त्या दुपारी खाणीच्या खड्ड्यातला सुरुंग उडाला, काउंटरवरची घड्याळं थरथरली आणि मी मान वर केली नाही. बरं वाटलं असं म्हणणार नाही. पण दुपारचे तीन तास मी कुठे होते ते मला माहीत असायचं.

सप्टेंबरात ओब्राडनं दोन नाणी शेजारी ठेवली. "हे पुन्हा ठोकलेलं. दुसरा आकडा गोल, अंगानं भरलेला, कोपऱ्याला खाच. आणि हे बघा. इथे ठसा यंत्रात सैल होता. छापून झाल्यावर घसरला आणि धातू बाजूला ढकलला. पायरीसारखं सपाट. आकडा वाढलेला नाही, आकड्यातूनच कातरून घेतलंय. ही ठशाची चूक नव्हे, त्या एका ठोक्याची. तिला कुणी यादीत घेत नाही. नवशिके यालाच फसतात."

"आणि जुने?"

त्यानं दोन्ही नाणी उचलून डब्यात टाकली.

गारफील्डचा डॉलर मी ऑक्टोबरपर्यंत भिंगाखाली धरला नव्हता. धरला तेव्हा एका नजरेत दिसलं. सपाट, चकचकीत पायरी. आठ एका बाजूनं बारीक झालेला. मी दिवा तीनदा फिरवला.

शाखेचा एक रिवाज होता. दुसऱ्याच्या नाण्याबद्दल मत द्यायचं नाही, मालक स्वतः 'तुमचं काय म्हणणं?' असं विचारेपर्यंत. तोवर फक्त चांदी छान आहे म्हणायचं. गारफील्डनंच मला कधीतरी सांगितलं होतं.

मी नाणं काउंटरवर ठेवलं. "तुमचं काय म्हणणं?"

ओब्राडनं भिंग काढलं. "तुम्ही विचारताय?"

"मीच."

"घसरलेला ठसा आहे."

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या बैठकीपासून."

"बारा वर्षं! आणि बोलला नाहीत?"

"त्यानं विचारलं नाही. दर महिन्याला नाणं पुढे करायचा आणि मी तोंड उघडायच्या आत उचलून घ्यायचा. ज्याला खरंच विचारायचं असतं तो इतकी घाई करत नाही, मिसेस ट्रेम्बाथ."

म्हणजे गारफील्डला शंका होती. बारा वर्षं त्यानं उत्तर टाळलं आणि पाठवायचं काम माझ्यावर सोडलं, उत्तर त्याच्या कानावर पडणार नाही अशा वेळी. मला राग यायला हवा होता. मी नाणं पुडीत घालून घरी आले.

थिर्झा वाट पाहत होती. मी तिला सांगितलं.

"मग काय झालं? दुहेरी दिसतंय ना? दोन ओळी खोट्या लिहायला तुझं काय जातंय? मेलेल्या माणसाचं नाव आहे!"

"मंडळवाल्यांना दिसेल."

"दिसू दे. तू कशाला आधी सांगतेस?"

मी त्याच टेबलावर बसून अर्ज भरला. दुसरा आठ, उजवीकडे, सपाट, ठसा घसरल्यामुळे. नवा ठसा नाही. पाठवणार: गारफील्ड ट्रेम्बाथ. पाठव म्हणाला होता, पाठवलं. थिर्झानं वाचलं, पास्टीची रिकामी ताटली उचलली आणि दार न लावता निघून गेली.

तीन आठवड्यांनी नाणं परत आलं. सोबत छापील चिठ्ठी: नोंद होणार नाही. खाली कुणीतरी पेननं लिहिलं होतं, वर्णन अचूक आहे.

थिर्झा ईस्टरपर्यंत माझ्याशी बोलली नाही. चर्चमध्ये तिनं सांगितलं की नाणं पोस्टात हरवलं. मी ते कधी खोडून काढलं नाही. ती १९९१ साली गेली. शेवटचे दोन महिने तिला मीच भरवत होते. आठाचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

ओब्राडनं १९८३ साली दुकान बंद केलं आणि स्पोकेनला मुलीकडे गेला. नाताळला पत्र यायचं, त्यात नाण्यांशिवाय काही नसायचं. तिसऱ्या नाताळला मुलीचं पत्र आलं.

त्याच्या कितीतरी आधीच मी शाखेत गारफील्डच्या खुर्चीवर बसू लागले होते. १९७९ साली मला १८९० चा एक खरा नवा ठसा सापडला, शून्य दोनदा ठोकलेला. तो यादीत आहे. नावाच्या जागी मी माझं नाव लिहिलं. गारफील्डचं लिहायला हवं होतं, असं गावात बरेच जण म्हणाले. पण तो शून्य त्यानं पाहिला नव्हता.

रडू मला १९७७ च्या मार्चमध्ये आलं, वाण्याच्या दुकानात, लोण्याच्या रांगेत उभी असताना. पुढच्या बाईनं मला रांगेतला तिचा नंबर दिला. आता मी नव्वदीत आहे. उजव्या डोळ्यानं काही दिसत नाही, डावा अजून चालतो.