लिंडेलचा चौदा नंबरचा सदरा

मी एक जुना लोकरी सदरा आहे. माझ्या छातीवर ठिगळ आहे आणि पाठीवर चौदा आकडा आहे. पण मित्रांनो, मला बिचारा म्हणू नका.

माझा जन्म शिकागोचा. एका नामांकित बेसबॉल संघासाठी मला शिवलं होतं. दोन वर्षं मी हजारो लोकांसमोर मिरवलो. मग कोपरं विरली आणि त्यांनी छातीवरचं नाव काढून माझी रवानगी नेब्रास्कातल्या लिंडेल गावी केली. छोट्या संघांच्या वाट्याला असेच उतरलेले कपडे यायचे.

लिंडेलमध्ये तेव्हा नवा संघ निघाला होता. दर वसंतात नदीवर येणाऱ्या क्रेन पक्ष्यांवरून त्याचं नाव पडलं लिंडेल क्रेन्स. आम्हा वीस सदऱ्यांवर नवं नाव शिवायचं काम गावच्या शिंपीणबाई व्हेरा होलुब यांच्याकडे आलं. त्यांनी हिरव्या बनातीची अक्षरं कापली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी टाके घातले. जुन्या नावाचे डाग खाली राहिलेच. त्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "राहू देत. दिसेल ते वरचंच."

मला घालणारा ड्वेन चेंडू टाकायचा. तो बाईंच्याच माडीवर राहायचा. "बाई, आज जिंकलो तर तुमचे ते जर्दाळू भरलेले गोड पाव, कोलाचे, चार हवेत," असं तो म्हणायचा. मग त्या म्हणायच्या, "हरलास तरी खातोसच की मेल्या." त्या पहिल्या उन्हाळ्यात फळ्यांच्या बाकांवर बसायला जागा उरत नसे. दुसऱ्या उन्हाळ्यात घरोघरी टीव्ही आले आणि बाकं ओस पडली.

एकोणीसशे सत्तावन्नच्या जुलैत, सामना सुरू व्हायच्या तोंडावर तार आली. आमच्यासारखे छोटे संघ जिच्यात खेळायचे ती लीगच बंद झाली होती. संघाचे व्यवस्थापक प्रुइटसाहेब म्हणाले, "आजचा सामना कुठेच धरला जाणार नाही. कपडे बदला."

ड्वेनने टोपी डोक्यावर घट्ट दाबली. "म्हणजे हरलो तरी हरलो नाही. मग घाबरायचं कशाला? चला."

दोन्ही संघ नऊच्या नऊ डाव खेळले. प्रेक्षक ऐंशीच होते, पण एकही उठला नाही. ड्वेनने शेवटचा गडी बाद केला तेव्हा मी घामाने निथळत होतो. आम्ही एका धावेने जिंकलो. तो विजय कुठल्याही वहीत नाही. नसू दे, माझ्या धाग्याधाग्यात आहे.

दुसऱ्या दिवशी ड्वेन बसने गावी गेला आणि प्रुइटसाहेब आमचं गाठोडं घेऊन बाईंकडे आले. अक्षरं काढून सदरे दुसऱ्या गावाला द्यायचे होते.

बाईंनी चष्मा काढून ठेवला. "लोकांच्या विजारी मी रोज उसवते, साहेब. गावाचं नाव नाही उसवत."

साहेबांनी स्वतःच कात्री उचलली आणि हाताला पहिला मीच लागलो. अर्धा तास झटूनही एकाच अक्षराचा कोपरा सुटला. शेवटी त्यांनी रागाने हिसडा दिला तशी माझ्या छातीला भोक पडलं. मला खुर्चीवर फेकून ते बाकीचे एकोणीस घेऊन गेले. तिकडे कुणीतरी त्यांची अक्षरं काढलीच असतील.

बाईंनी मला ठिगळ लावलं, सुटलेला कोपरा पुन्हा शिवला आणि देवदाराच्या पेटीत ठेवलं. दर वसंतात त्या मला ऊन दाखवायच्या. त्या गेल्यावर पेटी नात जोनीकडे आली. ऊन दाखवायचं राहिलं आणि एका बाहीला कसर लागली.

मागच्या वर्षी जुन्या खेळसामानाचा एक व्यापारी तिच्याकडे आला. त्याने मला उजेडात धरलं आणि त्याचे डोळे चमकले. "ताई, खाली केवढं मोठं नाव आहे! वरच्या या हिरव्या चिंध्या काढा, मग बघा काय भाव येतो."

छप्पर गळत असल्यामुळे जोनीला पैशांची गरज होती. तिने शिवणाचा डबा उघडला आणि आजीची कात्री हातात घेतली. मी धागा न् धागा आवळून धरला.

तिचं बोट ठिगळावरून फिरलं. तिथले टाके इतके बारीक होते की ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने कात्री डब्यात टाकली. "नाही जमायचं. हे नाव आमच्या घरात उसवत नाहीत."

मित्रांनो, आम्हा जुन्या कपड्यांना वर्षातून एकदा ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. विरलो तर ठिगळ लावा. पण खाली काही मोठं सापडेल म्हणून आमचे टाके उसवू नका. ते मोठं नाव मी दोन वर्षं वागवलंय, मला ठाऊक आहे ते. त्यांनी मला टाकलं. मी लिंडेलचा आहे.