मागच्या चाकाचा नट

मित्रांनो, मी एका शिंप्याची मोटारसायकल. आता माझ्या टाकीचा रंग उडाला आहे आणि किकही पहिल्या फटक्यात ऐकत नाही. कारखान्यातून नवी निघाले तेव्हा मात्र माझ्या आरशात बघून लोक भांग पाडत. शिंप्याने शिवलेल्या कपड्यांची गाठोडी मी घरोघर पोहोचवायची. मागे त्याची बायको बसायची. काजे-बटणांचे सगळे काम तिचे.

माझी देखभाल एकाच गॅरेजात होई. तिथल्या मेकॅनिकला सगळे वस्ताद म्हणत. ते माझ्या इंजिनावर तळवा ठेवून डोळे मिटत आणि दुखणे ओळखत. "तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला हिला हात लावू देणार नाही," असे शिंपी त्यांना सांगायचा. मलाही त्याचा अभिमान वाटायचा.

मग एके दिवशी वस्तादांच्या जागी त्यांची लेक उभी दिसली. बाबा आता कामावर येणार नाहीत, एवढेच ती सांगायची. कारण विचारले की विषय बदलायची. शिंप्याच्या मनात पाल चुकचुकली. हिनेच बापाला घरी बसवले, असे त्याने ठरवून टाकले. माझी चेन सैल होऊन खडखडत होती. लेक लगेच आवळून देते म्हणाली, तरी त्याने मला तसेच वळवले आणि थेट वस्तादांच्या दारात नेले.

वस्ताद आधी नको म्हणाले. शिंप्याने फारच गळ घातली, तेव्हा त्यांना नाही म्हणवेना. त्यांनी अंगणात बसून चेन ताणली आणि त्यासाठी सैल केलेला मागच्या चाकाचा नट ते पुन्हा आवळू लागले. पान्यावरचा तो हात मला ओळखूच येईना. त्यात जोरच उरला नव्हता. नट जागेवर टेकला, पण घट्ट बसला नाही. मला ते कळत होते. पण मित्रांनो, मला फार तर खडखडता येते, आणि चेन ताणल्यामुळे तोही आवाज बंद झाला होता. शिंपी खुशीत घरी परतला.

दुसऱ्या दिवशी उतारावर माझे मागचे चाक तिरके सरकले, चेन उतरली आणि चाक जागीच अडकले. शिंप्याचे खरचटण्यावर भागले. त्याच्या बायकोचे मनगट मोडले.

मला ओढत गॅरेजात आणले. लेकीने नटाला नुसती बोटे लावली, तर तो फिरला.

"हे कुणी केलं, काका?"

शिंपी नटाकडे बघत म्हणाला, "मीच. घरच्या घरी."

तिने त्याच्याकडे नीट पाहिले. "बाबांच्या हातातून हल्ली कपसुद्धा निसटतो. म्हणून त्यांनी आपणहून काम सोडलं. कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातलीय मला." मग हळूच म्हणाली, "काकूंच्या हाताचं त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका."

शिंप्याने मान खाली घातली आणि माझी किल्ली तिच्या हातात दिली.

ते मनगट पुन्हा पुरते वळले नाही. काजे करायला आता दुसरी बाई येते. वस्ताद कधी रस्त्यात भेटतात आणि हमखास विचारतात, "चेन कशी चाललीय?"

"छान चाललीय, वस्ताद," शिंपी सांगतो. त्या वेळी त्याची हँडलवरची पकड किती आवळते, ते फक्त मला ठाऊक असते.

मित्रांनो, आम्हांला जपा, वेळच्या वेळी तेलपाणी करा. पण आम्हांला जपणारे हात थकून थांबतो म्हणाले, तर त्यांना थांबू द्या. आणि त्यांच्या जागी जे नवे हात आले असतील, त्यांना एकदा तरी नट आवळू द्या.