दादांचं कपाट

आईची अट साधी होती: कपाट येईल, तर मी येईन.

दादांना जाऊन महिना झाला होता. आईचे गुडघे जिन्याशी बोलेनासे झाले होते आणि थोरल्या मुलाच्या तळमजल्यावरच्या घरात तिची खोली रंगवून तयार होती. पण कपाट हलेना. थोरला स्वतः सुतार, दुकानही दादांकडूनच आलेलं. तो आणि टेम्पोवाला सकाळपासून झोंबत होते. कपाट ढिम्म.

"फौजेतल्या माणसानं केलंय," टेम्पोवाला घाम पुसत म्हणाला. "शरण कसं येईल?"

दादा फौजेत पूल बांधायचे. एकदा पूल हातभर आखूड झाला. साहेब ओरडले. दादांनी काठावर दगडमाती लोटून नदीच हातभर अरुंद केली. तिथे त्यांची कामाची पद्धत ठरली ती कायमची: कापलेल्या लाकडाला पुन्हा करवत लावायची नाही, जगानं जरा सरकून घ्यायचं. लग्नानंतर पाळणा केला तो ऐसपैस झाला, म्हणून थोरल्यापाठोपाठ लगेच धाकटी झाली. आई हे कौतुकानं सांगायची की तक्रार म्हणून, ते घरात कुणाला कधी कळलं नाही. बाकी माणूस गुणी. दुकान, घर, धाकटीचं लग्न, नातवंडांच्या फिया, सगळं निभावलं. नव्वदीत गेले तेही दुपारचं जेवून, वामकुक्षीत, कुणाला तोशीस न देता.

"हे कधी केलं गं त्यांनी?" थोरल्यानं पहार लावत विचारलं.

"धाकटीच्या वेळी मी बाळंतपणाला माहेरी गेले होते तेव्हा. आले तर हे भिंतीत बसलेलं. केवढं खोल! गाद्यासुद्धा मावतात."

थोरल्यानं जोर लावला. कपाट करकरलं, आणि आतून बाईचा आवाज आला, "अहो हळू! माझा आरसा आहे!"

टेम्पोवाला दारापर्यंत मागे गेला. थोरल्यानं कपाट आणखी जरा ओढलं. मागे भिंत नव्हती. मागे पलीकडच्या जिन्यातल्या शेजारीण नर्सबाई होत्या, पलंगावर बसून भात कालवत.

"या," त्या म्हणाल्या. मग पदर सावरून, "म्हणजे, बसा."

"भिंत कुठंय?" आईनं विचारलं.

"तुमच्या यजमानांनी काढली. कपाट खोल झालं म्हणाले, लाकूड कापायला हात धजत नाही. माझ्या बाजूनंही पॉलिश करून दिलं. आरशाला खिळा त्यांनीच मारला."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"तुम्हाला सांगू नका म्हणाले. घाबरायचे तुम्हाला." नर्सबाईंनी ताट बाजूला ठेवलं. "वहिनी, एक सांगू? फळीतून सगळं ऐकू येतं. तुमची भांडणं मी पहिल्यापासून ऐकलीत. बहुतेक वेळा तुमचंच बरोबर असायचं."

आई फटीतून पलीकडे गेली आणि पलंगाच्या कडेला टेकली. महिनाभर तिच्या चेहऱ्यावर काही हललं नव्हतं. "कुठली कुठली?"

"दुकानात भागीदार घेतला ती. थोरल्याला वसतिगृहात धाडायचं म्हणत होते ती. पंख्याच्या भांडणात मात्र ते बरोबर होते."

"पंख्याचं सोडा," आई म्हणाली, आणि खुदकन हसली. मग हसता हसता पदर डोळ्यांना लावला. नर्सबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

थोरला पहार धरून उभाच होता. त्यानं हळूच विचारलं, "आई, मग आता भिंत बांधून घेऊ? गवंडी बघतो. कपाट उद्या नेऊ."

"काही नको. माणसानं आयुष्यात एकदा तरी भिंत काढली, ती मी कशाला बांधू? ढकल परत जागेवर. बाई बिचाऱ्या उघड्यावर जेवतायत."

"अगं, पण तू म्हणालीस, कपाटाशिवाय..."

"म्हणाले होते." आई गुडघ्यावर हात ठेवून उठली. "साड्या तेवढ्या काढ. आणि टेम्पोवाल्याला सांग, पुढे बसणार मी. मागे सामानात नाही."