परसातला देश

शकुने परसातल्या वाळणाच्या दोऱ्या सोडल्या, केर काढला आणि सडा घातला. मुलुंडच्या त्या बैठ्या घरामागे जेमतेम दोन खाटा मावतील एवढी मोकळी जमीन. पण आज दुपारी तिथे एक अख्खा देश येऊन बसणार होता.

लिओरा बेट वैशाखात समुद्राने गिळलं. जगाच्या सभेत बड्या देशांनी लगेच नियम काढला: ज्याला जमीन नाही, तो देश नाही. त्यांचं काय जातंय, एक मत कमी झालं तर बरंच. पण लिओराचं निशाण लावलेली कितीतरी जहाजं समुद्रात होती, आणि देशच नाही म्हटल्यावर त्यांना कुठलंही बंदर आत घेईना. त्यातल्याच एका जहाजावर शकुचा मुलगा सिद्धेश अडकला होता. पिण्याचं पाणी मोजून मिळतंय, असं त्याने कळवलं होतं. म्हणूनच लिओराची राजदूत तेवाई देश टिकवण्यापुरत्या जमिनीसाठी अंधेरीपासून दारोदार फिरत तिच्याकडे आली, तेव्हा शकुने फार विचार केला नाही. परस घ्या, म्हणाली. जमीनमालक राजी असेल तर सरकारचीही हरकत नव्हती.

तेवाई आली ती चपला दारात काढून. इथे राहून ती मराठी चांगली शिकली होती. कागद पुढे करण्याआधी तिने शकुचा हात धरला आणि सांगितलं, की सिद्धेशचं जहाज सकाळीच दुसऱ्या एका देशाने आपल्या निशाणाखाली घेतलं. ते बंदराला लागलं, मुलगा सुखरूप आहे. मग मान खाली घालून म्हणाली,

"आता सही नाही केलीत तरी चालेल, ताई. तुमचं काम झालं."

शकुला हसू आणि रडू एकदमच आलं. जहाज कंपनीचा फोन संध्याकाळपर्यंत आला असता, तोवर सही होऊन गेली असती. ही बाई नुसती गप्प बसली असती तर तिचा देश वाचला असता. ते कळताच शकुने पदराने डोळे पुसले, पेन मागून घेतलं आणि सही केली.

तेवढ्यात तिचे दीर धाकू नारळ घेऊन आले. नव्या जागेत पाऊल टाकायचं तर तिथल्या राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घालायचं, हा कोकणातला रिवाज. देश बदलला म्हणून राखणदार थोडाच बदलतो, असं त्यांचं म्हणणं. आपण थांबलो की 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, एवढं त्यांनी तेवाईला शिकवलं आणि नारळ कपाळाला लावला.

"बा राखणदारा म्हाराजा, आमच्या वयनीचो झील सिद्धेश दर्यात अडाकलो हा, तेका..."

"भावजी," शकुने त्यांना थांबवलं. "सिद्धेश पोचलो. जे अजून दर्यात हत, तेंच्यासाठी सांगा."

 धाकूंनी आधी डोळे टिपले, मग पुन्हा नारळ उचलला.

"बा राखणदारा म्हाराजा, जे कोण दर्यात हत, खंयच्याय देशाचे आसांदेत, खंयच्याय आयशीचे आसांदेत, तेंका सुखरूप बंदराक लाव रे म्हाराजा..."

त्यांचं पुरतं बोलून व्हायच्या आतच तेवाई म्हणाली, "व्हय म्हाराजा."

पाठोपाठ शकुचाही आवाज आला.