माझ्या जागेवर बाबा बसले

मित्रांनो, तळ्याकाठच्या बोटशेडमध्ये खुंटीवर लोंबकळणारी ही निळी, सुरकुतलेली पिशवी म्हणजे मी. आत्ता मी अगदीच मरतुकडी दिसते, हे मला ठाऊक आहे. पण पोटात शंभर लिटर पाणी गेलं की मी एकट्यादुकट्याला जागची हलत नाही!

माझा जन्म कारखान्यात झाला. जाड रबरी कापडाच्या दोन तुकड्यांच्या कडा तापवून, दाबून जोडल्या आणि वर एक झडप बसवली. तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्यात हवा भरली, शिवणीला कान लावला आणि कुठे फुसफुसत नाही ना, हे बराच वेळ ऐकलं. मग मला हलकेच थोपटलं. तेवढं कौतुक मला पुढे कित्येक वर्षं पुरलं.

मी वेकसर्फिंगच्या बोटीवर कामाला लागले. ही बोट संथ चालते आणि मागे लाट उठवते. फळीवरचा माणूस आधी दोर धरून उभा राहतो आणि लाटच आपल्याला ढकलते आहे असं वाटलं की दोर सोडून देतो. बोट जड असेल तर ती पाण्यात खोल बसते आणि लाट मोठी होते. त्यासाठी आमच्यासारख्या पोटभरू पिशव्या लागतात.

बोट आक्कांची. चालवायच्या त्याच. मागे तोंड करून फळीवरच्या माणसावर नजर ठेवायचं काम त्यांच्या यजमानांचं. त्यांना सगळे दाजी म्हणत. मागच्या आसनांखाली माझ्या दोन बहिणी कायमच्या भरलेल्या असत. मी तिसरी, म्हणजे राखीव. सुकाणूजवळच्या पाटीवर लिहिलं होतं, माणसं, सामान, वजनं सगळं मिळून पाचशे किलो. माणसं कमी असली तरच मला भरायचं, हा आक्कांचा नियम होता. एका हिवाळ्यात मला ओलीच घडी घालून फडताळात कोंबलं, तेव्हा अंगावर बुरशी चढली आणि मी मनातून फार खट्टू झाले. दाजींनी मऊ ब्रशने घासून सावलीत वाळवलं, म्हणून निभावले.

आता त्या दिवसाचं सांगते. आक्कांचा धाकटा भाऊ नळदुरुस्तीचं काम करी. त्याची मुलगी, चिमी, तीन उन्हाळे फळीवर उभी राहायला शिकत होती. उभी राहायची, पण दोर सोडला की धपकन पाण्यात! दुसऱ्या दिवशी ती नर्सिंग शिकायला दूरच्या शहरात जाणार होती. आज नाही तर पुन्हा कधी, कोण जाणे. बापाच्या जिवाला तेवढंच लागून राहिलं होतं.

आक्का धक्क्यावर इंधनाचा डबा आणायला गेल्या आणि या पठ्ठ्याने पंप लावून मला डाव्या मागच्या आसनावर गळ्यापर्यंत भरलं. वरून टॉवेल पसरले. लाटेच्या बाजूला बोट थोडी कलतेच, म्हणून आक्कांनी डोळेझाक केली. ती त्यांची चूक. त्यांनी नंतर ती कबूलही केली.

लाट मोठी उठली खरी, पण वजन अति झाल्याने फाटकी आणि फेसाळ. चिमी दोन क्षणांत पडली. तिला घ्यायला बोट वळली तशी आमचीच लाट डाव्या काठावरून आत आली. दाजींची पावलं घोट्यापर्यंत बुडाली. मी भीतीने गार झाले, कारण काठ खाली दाबून धरणारी मीच होते आणि मला उठता येत नव्हतं.

आक्कांनी इंजिन बंद केलं. दाजींनी पाणी उपसणारा पंप सुरू केला. टॉवेल बाजूला झाले आणि माझी ढेरी उघडी पडली.

"हा काय उद्योग?" आक्का कडाडल्या.

"अगं, पाण्यावर पाण्याचं ओझं कसलं?" भावाने बादली तळ्यात बुडवून दाखवली. "ही बघ, भरलेली आहे, तरी एका बोटाने हलतेय."

"आता वर काढ. हं, धर तशीच, हात लांब करून."

थोड्याच वेळात त्याचा दंड थरथरू लागला.

"पाण्यात होती तोवर तळं उचलत होतं," आक्का म्हणाल्या. "बोटीत आली की बोटीने उचलायची. आणि या बयेच्या पोटात अशा दहा बादल्या आहेत. आपण चौघं, या तीन पिशव्या, पाचशे ऐंशी होतात रे, शहाण्या!"

त्याचा चेहरा पडला. जन्म पाण्यात गेला आणि पाण्यानेच फजिती केली. तो म्हणाला, "मग मला धक्क्यावर सोड. मी एकटा पंचाण्णव किलो. पिशवी राहू दे. पोरीला लाट मिळायला हवी."

जीवरक्षक जाकिटात तरंगत चिमी मागच्या पायरीला धरून होती. ती म्हणाली, "बाबा, मला पिशवीसमोर दोर नाही सोडायचा. तुम्ही बसा तिथे."

माझी झडप उघडली. पंपाने पाणी तळ्यात गेलं, मी चपटी झाले आणि बाबा माझ्याच जागेवर बसले. मी घडी होऊन त्यांच्या पायाशी पडले. मला मुळीच वाईट वाटलं नाही.

या वेळी लाट बेताची होती, पण स्वच्छ आणि लांब. चिमी उभी राहिली. दोर सैल पडला. तिने तो बोटीत फेकला आणि दोन्ही हात पसरले. ती पडली नाही!

बाबा टाळ्या वाजवायला उठणार, तेवढ्यात आक्का ओरडल्या, "हलू नकोस! वजन सरकलं तर लाट मोडेल. तू आता पिशवी आहेस!"

मग तो धिप्पाड माणूस गुडघ्यांवर हात दाबून बसून राहिला. डोळे वाहत होते, तरी पुसायलासुद्धा हात उचलला नाही.

मित्रांनो, आम्हाला जरूर भरा. पण आधी पाटी वाचा, माणसं मोजा आणि उरेल तेवढंच पाणी आमच्या पोटात घाला. काम झालं की रिकामं करून वाळवा. आणि एखाद्या दिवशी जागा कमी पडली, तर आम्हाला खुशाल पायाशी टाका. आपल्या माणसाला धक्क्यावर ठेवू नका.